संग्रहालयांतील दिवाळी

नाटकाचें परीक्षण मासिकांतून येतें, चित्रप्रदर्शनाचें येतें, क्वचित् गायनाच्या बैठकीचेंही येतें. परंतु एखाद्या संग्रहालयानें साजऱ्या केलेल्या सणाचें परीक्षण अद्याप आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. वास्तविक हा प्रकार आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्याच्या गुणदोषांचा विचार कोणी तरी करावयास हवा. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा इत्यादि देशांतील लहानमोठीं संग्रहालयें आश्विन-कार्तिकाच्या सुमारास एखादा शनिवार राखून ठेवितात, दारावर झेंडूच्या कागदी माळा चढवितात, आणि ‘दिवाळी व दक्षिण आशियाचा वारसा’ अशा कांहीं मथळ्याखालीं नृत्य, रांगोळी, मेंदी, मुलांसाठीं पणत्या रंगविणें असा दिवसभराचा कार्यक्रम आखतात. ह्या कार्यक्रमाला रचना असते, निवड असते, प्रेक्षक असतात, आणि कांहीं एक सांगण्याचा हेतु असतो. ज्याला हीं अंगें आहेत तें टीकेस पात्र आहे, असें आम्ही समजतों. परदेशांत आपला सण होतो एवढ्यावर भारावून जाणें किंवा घरबसल्या नाक मुरडून मोकळें होणें, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत; टीकाकारानें दोन्ही टाळावे.

२०२५ च्या दिवाळीच्या सुटींत आम्ही इंग्लंडांतील एका मध्यम वस्तीच्या शहरीं आमच्या भाचीकडे होतों. तेथील संग्रहालयांत असाच एक दिवस साजरा झाला, व भाचीनें आपल्या सात वर्षांच्या मुलीसह आम्हांस तेथें नेलें. शहराचें व संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही जे दोष सांगणार आहों ते त्या एका संस्थेचे नसून ह्या प्रकाराचेच आहेत.

आधीं जें चांगलें दिसलें तें सांगतों. तळमजल्यावरील प्रशस्त दालनांत पाय ठेवावयास जागा नव्हती. शाळेंत डब्यांतील पदार्थाचें नांव सांगतांना ज्या मुलांना संकोच वाटतो, तीं मुलें येथें जरीचे परकर व सदरे घालून घरच्यासारखीं वावरत होतीं. रांगोळीपाशीं एक वृद्ध इंग्रज बाई गुडघे टेंकून बसल्या होत्या आणि ठिपके मोजून मोजून आमच्याच एका तरुण मुलीस चूक दाखवीत होत्या. त्या गेलीं कित्येक वर्षें दर दिवाळीस येतात असें कळलें. गांवच्या सार्वजनिक इमारतीनें आपला सण थोरल्या दारानें आंत घ्यावा, ही गोष्ट परक्या देशांत वाढणाऱ्या मुलाच्या मनास किती आधार देणारी आहे, हें पुण्यांत बसून समजणें कठीण. ज्यांनीं हा दिवस घडवून आणला त्यांच्या सद्भावाविषयीं आमच्या मनांत यत्किंचितही शंका नाहीं.

पण सद्भाव हा कलाकृतीचा गुण नव्हे. कार्यक्रमाची मांडणी पाहूं लागलों तेव्हां एकामागून एक अडचणी दिसूं लागल्या. रांगोळीभोंवतीं दोरी बांधलेली होती व तिला कोणी पाय लावूं नये म्हणून एक पहारेकरी उभा होता. फराळ म्हणून जें कांहीं होतें तें एका वेगळ्या खोलींत. तेथून एक शेवेची काडीही बाहेर नेण्याची सोय नव्हती. मुलांनीं रंगविलेल्या पणत्यांत स्वयंसेविका बटणाएवढा एकेक विजेचा दिवा ठेवीत होत्या. आमच्या नातीनें आपली पणती हातांत घेऊन उलटसुलट पाहिली व विचारलें, “मामाआजोबा, ह्यांत तेल कुठें घालायचें?” तेल घालावयाचें नाहीं, असें आम्ही सांगितलें. “मग ही पणती कशी?” ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. प्रस्तुत लेख म्हणजे तें उत्तर शोधण्याचा उशिराचा प्रयत्न होय.

दुपारीं गर्दीस कंटाळून आम्ही दोघें जिना चढून वर गेलों. वरचीं दालनें मंद उजेडाचीं व अगदीं निर्मनुष्य होतीं. शेवटच्या दालनांत, एका कांचेच्या कपाटांत, पितळेचा एक लामणदिवा टांगलेला होता. सांखळीच्या मध्यभागीं हत्ती, हत्तीवर माहूत, आणि खालीं पांच वातींचें तबक. आमच्या आजोळीं देवघरासमोर असाच एक दिवा असे. संध्याकाळीं त्यांत तेल घालण्याचें काम वयानें सर्वांत धाकट्या सुनेकडे असे, आणि उंची पुरेना म्हणून ती पाटावर उभी राही. कपाटांतील दिव्याखालच्या चिठ्ठीवर इतकाच मजकूर होता: दिवा, पितळ, पश्चिम भारत, एकोणिसावें शतक, देणगी. खालच्या मजल्यावर शेंकडों माणसें दिव्यांचा सण साजरा करीत होतीं आणि वरच्या मजल्यावर त्या इमारतींतील एकुलता एक खरा दिवा अंधारांत एकटा लोंबकळत होता. खालून वर येण्याची वाट दाखविणारी एक खूणही कोठें नव्हती. नातीस त्या तबकांत तेल कोठें राहतें, वात कोठून येते, हें आम्ही दाखवूं लागलों, तेव्हां चुकून वर आलेलीं दोन कुटुंबें आमच्यामागें उभीं राहून ऐकूं लागलीं. त्या दिवसाचा खरा उत्सव आमच्या मतें ती पांच मिनिटें होती, आणि ती कार्यपत्रिकेंत नव्हती.

हा विसंवाद केवळ आळसानें झालेला नाहीं. त्याचें मूळ खोल आहे, आणि तें समजून घेतल्यावांचून टीका करणें अन्यायाचें होईल. संग्रहालयाचा पहिला शत्रु उजेड होय. रेशीम, सुती वस्त्र, कागद, लघुचित्रें ह्यांवर पन्नास लक्सहून अधिक उजेड पडूं नये असा ह्या शास्त्राचा सर्वमान्य दंडक आहे. एक लक्स म्हणजे एका मेणबत्तीचा एक मीटरावर पडणारा उजेड, असें ढोबळ मानानें धरावें. पन्नास मेणबत्त्यांपलीकडे पैठणीचा रंग अधिक लवकर उडूं लागतो, आणि उडालेला रंग कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. ज्योतीचा धूर धातूवर व चित्रावर बसतो. अन्नाचे कण सांडले कीं किडे येतात, आणि तेच किडे पुढें लोंकर व रेशीम खातात. सारांश, पणती, फराळ आणि लखलखाट हीं दिवाळीचीं तीन मुख्य अंगें संग्रहालयाच्या नियमांत बसत नाहींत. दिव्यांचा सण ज्या घरांत साजरा करावयाचा तें घर उजेडास भिऊन असतें.

उलट सणाचा सगळा जीव नाश पावण्यांत आहे. तेल जळून संपलें पाहिजे. भरलेले डबे तुळशीच्या लग्नापर्यंत तळाशीं लागले पाहिजेत. रांगोळी दूधवाल्याच्या आणि पोरांच्या पायांनीं दुपारपर्यंत पुसली गेली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या दिवशीं अंगण पुन्हां सारवून नवी काढतां येते. नरकचतुर्दशीच्या पहांटे पायाखालीं चिरडलेलें कारीट कोणी जपून ठेवीत नाहीं. संग्रहालय राखतें आणि सण खर्च करतो. त्यामुळें संग्रहालय जेव्हां घराची नक्कल करूं जातें, तेव्हां विजेची पणती, दोरींतील रांगोळी आणि कोंडलेला फराळ ह्यांपलीकडे त्याला जातां येत नाहीं. घरची गृहिणी जें दहा मिनिटांत उत्तम करते तेंच संग्रहालय महिनाभर खपून अर्धवट करतें, आणि जें ह्या जगांत संग्रहालयासच करतां येतें तें वरच्या मजल्यावर पडून राहतें. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

मग संग्रहालयासच करतां येण्याजोगें तें काय? आमच्या मतें पहिली गोष्ट म्हणजे भेद दाखविणें. खालच्या दालनांत एक मोठा फलक होता व त्यावर दिवाळी म्हणजे अंधारावर प्रकाशाचा विजय, अशी व्याख्या दिलेली होती. हें वाक्य आतां जगभर फिरत आहे. तें खोटें नाहीं; पण तें इतकें गुळगुळीत आहे कीं त्यावर कोणाचाच पाय ठरत नाहीं. उत्तरेकडील घर त्या दिवशीं रामाचें अयोध्येस परत येणें आठवतें. बंगाल अमावास्येच्या रात्रीं कालीची पूजा करतो. गुजराथी व्यापारी नव्या वह्यांचें पूजन करतो. जैनांना ती महावीरांच्या निर्वाणाची रात्र आहे. शिखांना गुरु हरगोविंदांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यांतून झालेली सुटका आठवते. आणि नेपाळांत एक दिवस कावळ्याचा, एक दिवस कुत्र्याचा मान असतो. आमच्या पुढें रांगेंत उभ्या असलेल्या एका नेपाळी गृहस्थानें तो फलक आरंभापासून अखेरपर्यंत वाचला आणि कांहीं न बोलतां मुलाचा हात धरून तो पुढें गेला. त्याच्या कुत्र्याला त्या फलकावर जागा नव्हती.

आमच्या महाराष्ट्राची गोष्ट तर त्या व्याख्येंत मुळींच मावत नाहीं. बळीस पाताळांत घालणारा वामन हा विष्णूचा अवतार. तरीही प्रतिपदेस आम्ही नांव घेतों तें बळीचें, आणि त्याचें राज्य परत यावें अशी इच्छा घरोघर बोलून दाखवितों. अभ्यंगस्नानाचा मान नरकासुरानें मरतांना वर म्हणून मागून घेतला, असें कथा सांगते. जिंकणाऱ्याच्या सणांत हरलेल्याचीही आठवण ठेवणारी ही जी बुद्धि आहे, ती आमच्या मतें ह्या सणाचा सर्वांत मोलाचा भाग होय. ‘विजय’ ह्या एका शब्दानें ती पुसली जाते. पांच चिठ्ठ्या, पांच वस्तु, पांच कथा शेजारीं शेजारीं मांडणें हें घराला जमत नाहीं, कारण प्रत्येक घराची कथा एकच असते. संग्रहालयाला तें सहज जमावें.

येथेंच ‘दक्षिण आशिया’ ह्या शब्दाचा विचार केला पाहिजे. हा शब्द विद्यापीठांतून व सरकारी कागदांतून आलेला आहे; कोणी आई आपल्या मुलास त्या नांवानें हांक मारीत नाहीं. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव हे सर्व त्यांत येतात, आणि त्यांतील कोट्यवधि लोकांचा दिवाळी हा सण नव्हे. नातीच्या वर्गांतील तिची जिवलग मैत्रीण मूळची सिल्हेटच्या कुटुंबांतील आहे. तीही त्या दिवशीं आली होती, तिनेंही पणती रंगविली. पण ‘तुमचा वारसा’ म्हणून तिला जें दाखविलें गेलें तें तिच्या घरचें नव्हतें. सण लहान असतो, प्रदेश मोठा असतो. लहान भांड्यांत मोठ्याचें नांव घातलें कीं भांडें फुटत नाहीं, पण आंतला पदार्थ बेचव होतो. तिला पाहुणी म्हणून बोलावतां आलें असतें, आणि पाहुणचार हा दिवाळीचा जुना धर्मच आहे. तिला न विचारतां घरची ठरविण्यांत मात्र कोणाचाच मान राहिला नाहीं.

दुसरी गोष्ट प्रवासाची: वस्तूंच्या आणि माणसांच्याही. त्या लामणदिव्याखालीं ‘देणगी’ एवढाच शब्द होता. कोणाची? त्याच्या हातीं तो कसा आला? विकत घेतला, कोणी नजर केला, कीं उचलला? इंग्लंडांतील भारतीय वस्तूंच्या संग्रहांचा आरंभ कसा झाला हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें. ईस्ट इंडिया कंपनीनें लंडनांतील लेडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरींत १८०१ सालीं ग्रंथालयाबरोबर एक पदार्थसंग्रहालय उघडलें. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या वाड्यांतून नेलेला लांकडी वाघ १८०८ मध्यें तेथें मांडला गेला. त्याची दांडी फिरविली कीं वाघ गुरगुरे, पायाखालचा गोरा कण्हे, आणि शेजारीं वाचीत बसलेले लोक त्या आवाजानें हैराण होत. कंपनी गेली, १८७९ मध्यें तो संग्रह फोडून साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालय, ब्रिटिश म्युझियम वगैरे संस्थांत वाटला गेला. साउथ केन्सिंग्टनच्या त्या संस्थेस १८९९ पासून व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणतात, आणि टिपूचा वाघ आजही तिच्याच मालकीचा आहे.

माणसांचा प्रवास तितकाच बोलका आहे. लेस्टर शहरांतील बेल्ग्रेव्ह रोडवरची दिवाळी ही भारताबाहेरील मोठ्या दिवाळ्यांत गणली जाते, आणि शहर तिचा अभिमान बाळगतें. परंतु १९७२ सालीं इदी अमीननें युगांडांतील आशियाई लोकांस देश सोडण्यास फर्माविलें, तेव्हां ह्याच लेस्टरच्या नगरपालिकेनें ‘युगांडा आर्गस’ ह्या पत्रांत जाहिरात देऊन, आमच्या शहरीं येऊं नका, असें त्यांना बजाविलें होतें. लोक आले. त्यांनीं दुकानें मांडलीं, देवळें उभारलीं, आणि रस्त्यावर दिवे लावले. ती जाहिरात आणि आजच्या रोषणाईचें छायाचित्र एका कपाटांत शेजारीं ठेवावें. नृत्याच्या दहा कार्यक्रमांनीं जें कळणार नाहीं तें त्या दोन कागदांनीं कळेल. ह्यानें सणाचा रसभंग होईल अशी भीति चालकांस वाटत असावी. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या दिवाळीनें बळीची आठवण पचविली ती एवढीही पचवील.

येथें एक गोष्ट आपल्याकडील वाचकांसही सांगणें प्राप्त आहे. उत्सवाला खात्री लागते, संग्रहालयाचें काम शंकेवांचून चालत नाहीं. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममधील वाघनखें २०२४ च्या जुलैमध्यें उसनीं म्हणून साताऱ्यास आलीं, तेव्हां महाराष्ट्रानें त्यांचें उत्साहानें स्वागत केलें. तीं साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ ह्यांच्याकडून त्यांच्या वंशजांकडे व तेथून संग्रहालयाकडे गेलीं. त्यांच्या पेटीवर शिवाजी महाराजांचें नांव आहे. तथापि अफझलखानाच्या वेळचीं तींच हीं, असें सिद्ध करतां येत नाहीं, असें त्या संस्थेचेंच म्हणणें आहे. हें म्हणणें आपल्यापैकीं पुष्कळांस अप्रिय वाटलें. आमच्या मतें संग्रहालयाचा कस अशाच ठिकाणीं लागतो. जें संग्रहालय वाघनखांविषयीं एवढें सावधपणें बोलतें, त्याच्याच जातीच्या संस्था दिवाळीविषयीं बोलतांना एकदम इतक्या निःशंक कां होतात, हा आमचा प्रश्न आहे.

ह्यापेक्षां निराळा मार्ग शक्य आहे कीं काय? आहे. मँचेस्टर म्युझियममध्यें २०२३ च्या फेब्रुवारींत ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्यानें दक्षिण आशियाचें एक कायमचें दालन उघडलें. त्याची मांडणी एकट्या तज्ज्ञानें केली नाहीं. शहरांतील व आसपासच्या दक्षिण आशियाई समाजांतील तीस माणसांचें एक मंडळ नेमून, काय ठेवावें व काय म्हणावें, हें त्यांच्या विचारानें ठरविलें गेलें. तेथें सुमारें १४० वस्तु आहेत. त्यांत प्राचीन अवशेष आहेत तशी सजविलेली सायकलरिक्षाही आहे, आणि साम्राज्य व स्थलांतर हा त्याचा एक स्वतंत्र विभाग आहे. अशा मंडळाच्या हातूनही चुका होतील. तीस माणसें म्हणजे समाज नव्हे. पण चिठ्ठी लिहिणारा आणि चिठ्ठी वाचणारा ह्यांच्यामधील जिना तेथें थोडा तरी उतरला गेला आहे.

दुसरें उदाहरण आमच्या पुण्याचें आहे, आणि तें ह्या सर्वांच्या पुष्कळ आधींचें आहे. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर ह्यांनीं गांवोगांव हिंडून, वाड्यांच्या अडगळींतून आणि जुन्या बाजारांतून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, अत्तरदाण्या, दरवाजे, खेळणीं असल्या वस्तु गोळा केल्या, आणि बालवयांत गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्या संग्रहास दिलें. १९७५ मध्यें तो सर्व संग्रह त्यांनीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. भारतांतील दिव्यांवर त्यांचें इंग्रजी पुस्तक १९६१ मध्यें प्रसिद्ध झालें आहे. त्या संग्रहालयांतील दिवे पाहतांना हे राजाचे कीं रंकाचे असा प्रश्न मनांत येत नाहीं. ज्या हातांनीं ते घडविले आणि ज्या हातांनीं रोज घांसले त्या हातांची आठवण येते. तेथें उत्सव नसतो, ढोल वाजत नाहीं. तरीही धाकट्या बोटाएवढ्या पळीपासून पुरुषभर उंचीच्या वस्तूपर्यंत सर्वत्र घर भरून राहिलेलें असतें. वारसा साजरा करणें म्हणजे काय, हें आम्हांस त्या शांत वाड्यांत अधिक समजलें आहे.

कोणी म्हणेल कीं, परदेशस्थांच्या दिवाळीचें एवढें मनावर कशास घ्यावें? खरी दिवाळी आपल्याकडे सुखरूप आहे. ह्या समाधानांत आम्हांस भागीदार होतां येत नाहीं. आमच्या सोसायटीच्या जिन्यांतही आतां विजेच्या पणत्या लुकलुकतात, कारण तेलाचे डाग पडतात; रांगोळीची चिकटपट्टी मिळते; चकलीची सोऱ्या कित्येक घरांत माळ्यावर गेली आहे. दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. ज्या घरांत दोघेंही नोकरी करतात तेथें फराळ विकतच येणार. पण ज्या गोष्टींसाठीं त्या इंग्रजी संग्रहालयास आम्ही नांवें ठेवलीं त्याच आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आहेत, हें मान्य केलें पाहिजे. फरक इतकाच कीं, त्यांच्याकडे नियमाचें कारण आहे, आमच्याकडे सोयीचें.

२०२५ हें वर्ष ह्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं जुलैमध्यें मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेले, आणि डिसेंबरमध्यें दिवाळी त्याच संस्थेच्या अमूर्त वारशाच्या यादींत गेली. दोन्हींचा आम्हांस आनंद आहे. पण दगडाचा किल्ला आणि दिव्यांचा सण ह्या दोहोंना जोडणारी एक वस्तु आमच्या अंगणांत पिढ्यान् पिढ्या होत आलेली आहे, ती कोणत्याच यादींत नाहीं: मुलांचा मातीचा किल्ला. दगड, विटा आणि चिखल ह्यांचे बुरूज, गोणपाटावर उगवलेलें हळीव, कुंभाराकडचे मावळे, आणि सिंहासनावर महाराज. तो किल्ला म्हणजे मुलांनीं चालविलेलें संग्रहालयच असतें. त्यांत इतिहास असतो, मांडणी असते, पाहावयास येणारे शेजारी असतात, आणि कोणता बुरूज कोठें ह्यावर चिठ्ठ्यांपेक्षां कडक वाद असतात. सुटी संपतां संपतां तो मोडतो, आणि मावळे पुढच्या वर्षासाठीं खोक्यांत जातात.

भाचीच्या घरामागें हातभर जागा आहे. संग्रहालयांतून परत आल्यावर नातीनें तेथें किल्ला करावयास घेतला. तिची सिल्हेटची मैत्रीण चिखल कालवावयास होती. महाराज आम्ही पुण्याहून नेले होते. मावळे कमी पडले ते इंग्रजी शिपायांच्या खेळण्यांतून भरले, आणि त्यावरून दोघींत बरीच चर्चा झाली. पाडव्याच्या संध्याकाळीं पन्हाळ्याच्या म्हणून ठरलेल्या बुरुजावर पणती लावली. तिच्यांत तेल होतें. दुसऱ्या दिवशीं तेथील पावसानें तो किल्ला अर्धा वाहून गेला. नात थोडी रडली, मग उरलेल्या अर्ध्याचें तळें केलें.

आम्ही परत आल्यावर त्या संग्रहालयास पत्र लिहिलें. त्यांत तीन सूचना केल्या. पुढील दिवाळीस तो लामणदिवा खालच्या दालनांत आणावा, आणि तें न जमल्यास त्याच्याकडे जाणारी वाट तरी ठळक दाखवावी. फलकावर एका वाक्याऐवजीं निरनिराळ्या घरांच्या कथा द्याव्या, त्यांत नेपाळचा कुत्रा विसरूं नये. आणि ‘देणगी’ ह्या शब्दापुढें देणाराचें नांव व साल, माहीत असल्यास, लिहावें. माहीत नसल्यास माहीत नाहीं असें लिहावें. ज्योत पेटवावी असें आम्ही सुचविलें नाहीं. तें काम घराचें आहे आणि घरानेंच तें केलें पाहिजे.

पत्रास उत्तर आलें आहे. तें सौजन्याचें आहे. दिवा हलविण्याविषयीं व नोंदी तपासण्याविषयीं विचार करूं, असें त्यांत आहे, आणि अशा आश्वासनाची किंमत किती असते हें ज्यानें महाविद्यालयांत तीस वर्षें काढलीं त्याला सांगावयास नको. परंतु शेवटीं त्यांनीं एक प्रश्न विचारला आहे, आणि त्यासाठीं आम्ही त्यांना पुष्कळ क्षमा करतों: ह्या प्रकारच्या दिव्यास आपल्या घरीं कोणत्या नांवानें ओळखतात, तें आपल्या लिपींत लिहून पाठवाल काय? तें पत्र आम्ही भाचीकडे धाडलें व उत्तर नातीनें लिहावें असें सुचविलें. भाची कळविते कीं, ‘लामणदिवा’ लिहितांना तिनें प्रथम ‘ण’ च्या जागीं ‘न’ घातला, मोठ्यानें दोन वेळां म्हणून पाहिलें, खोडलें, आणि पुन्हां लिहिलें. खाडाखोडीसकट तोच कागद पाठवावा, असें आम्ही तिला कळविलें आहे.